हजेरीपटावरचा वारसा

मी जहाजावर ‘पाच साब’ होतो तेव्हाची गोष्ट. पाच साब म्हणजे इंजिनरूममधला सगळ्यात धाकटा इंजिनिअर. त्याच्या वर चार साब, तीन साब, सेकंड, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बडा साब, म्हणजे चीफ इंजिनिअर. आमचा बडा साब वेल्सचा होता, पोर्थमादोग नावाच्या छोट्या बंदराकडचा. आमच्या रत्नागिरीकडच्या खलाशांच्या लेखी गोरा म्हणजे इंग्रज, आणि माझ्या लेखीही तेच. एकदा जेवताना मी त्याला ‘तुम्ही इंग्रज लोक’ असं काहीतरी बोलून गेलो. त्याने काटा खाली ठेवला आणि विचारलं, “मी तुला मद्रासी म्हटलं तर चालेल का?”

त्या रात्री वॉचवर त्याने मला तासभर त्याच्या भाषेबद्दल सांगितलं. शेवटी म्हणाला, “दुकानात जाऊन माझ्या भाषेत पाव मागता येईल अशा जागा जगात दोनच आहेत. एक माझा मुलूख. दुसरी अर्जेंटिनात, पॅटागोनियाच्या रेताडात. तिकडचं बंदर लागलं तर जाऊन ये.” मला वाटलं, साहेबांना आज जरा जास्त झाली आहे.

बंदर लागलं १९९३ साली. तोवर मी स्वतः बडा साब झालो होतो. पुएर्तो माद्रिनला अल्युमिनिअमचा मोठा कारखाना आहे. त्याला लागणारी अल्युमिनाची पांढरी पूड जहाजाने येते आणि वीज येते पाचशेहून जास्त किलोमीटरवरून, अँडीजमधल्या फुतालेउफू धरणावरून. पूड शोषून काढायला बरेच दिवस लागतात, त्यात वारा सुटला की काम बंद, आणि पॅटागोनियात वारा सुटलेलाच असतो. एक दिवस एजंटला सांगून मी बस धरली. आधी ट्रेलेऊ, तिथून गाइमान. वाटेत दोन्ही बाजूंना फक्त काटेरी झुडपं. ती कधी संपतील असं वाटत असतानाच एकदम पॉप्लरच्या उंच रांगा दिसल्या. रांगांच्या पायाशी कालवा होता आणि कालव्यापलीकडे हिरवं शेत. कोकणातल्या माणसाला हिरव्याचं काय कौतुक! पण त्या दिवशी मी खिडकीची काच पुसून बघितलं.

गाइमानमध्ये टीहाउसं आहेत. तीन वाजता पाट्या लागतात, आत लोकरीच्या टोपड्यातली किटली येते, मागोमाग पाव, लोणी, जॅम, चीज, दोन-तीन प्रकारचे केक. शेवटी एक काळा, दाट, सुक्या मेव्याने भरलेला केक आला. त्याला ‘तोर्ता नेग्रा गालेसा’ म्हणतात, म्हणजे वेल्सचा काळा केक. वाढणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या होत्या. बंदरांवर उचललेल्या माझ्या तुटक्या स्पॅनिशमध्ये मी विचारलं, तुम्ही वेल्श बोलता का? त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. हा प्रश्न त्यांना युरोपियन पर्यटक विचारत असणार. सावळा, मिशीवाला हिंदुस्थानी माणूस विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. म्हणाल्या, घरात वेल्शच होती, स्पॅनिश शाळेत शिकले. मुलांना? मुलांना समजते. आणि नातवंडांना? त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा.

मी केकचा एक तुकडा कागदात बांधून घेतला. तो खूप दिवस टिकतो म्हणे. तिकडे लग्नात या केकचा वरचा मजला डब्यात घालून ठेवतात आणि पुढे लग्नाच्या वाढदिवसाला त्यातला तुकडा खातात. जहाजावर आल्यावर मी आमच्या जुन्या बडा साबला पत्र लिहिलं की तुमचा काळा केक खाल्ला. त्याचं उत्तर दोन बंदरांनंतर मिळालं: कुठला काळा केक? आमच्याकडे असलं काही नसतं.

खरंच नसतं. तो केक पॅटागोनियातच जन्माला आला. म्हणजे तिथल्या वेल्श वारशाची जगभर मिरवली जाणारी खूण वेल्समध्ये कुणाला ठाऊक नाही. यात फसवणूक नाही. पण मला तेव्हापासून एक खोड लागली. कुणी ‘परदेशात आपला वारसा जपला पाहिजे’ म्हणालं की मी विचारतो, म्हणजे नक्की काय, केक की भाषा? दोन्ही एका डब्यात टिकत नाहीत.

ही वसाहत उभी राहिली तीच मुळी भाषेसाठी. बाला गावचा धर्मोपदेशक मायकल डी. जोन्स तरुणपणी अमेरिकेत, ओहायोला गेला होता. तिथे त्याने वेल्श माणसं बघितली, चांगली खाऊनपिऊन सुखी, आणि एका पिढीत इंग्रजी झालेली. इकडे मायदेशातही फार वेगळं नव्हतं. १८४७ साली सरकारी चौकशीच्या निळ्या पुठ्ठ्यांच्या अहवालाने वेल्श भाषेलाच मागासपणाचं मूळ ठरवलं होतं, आणि काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. जोन्सचा हिशेब साधा होता. स्थलांतर थांबत नाही, मग निदान अशा जागी जावं जिथे इंग्रजी नाही. अर्जेंटिनाला दक्षिणेत वस्ती हवीच होती, गृहमंत्री गुइयेर्मो रॉसन यांनी होकार दिला आणि २८ मे १८६५ रोजी लिव्हरपूलहून ‘मिमोसा’ निघालं. आत दीडशेच्या आसपास माणसं. खाणकामगार, शिंपी, चांभार. शेती येणारे मोजकेच.

जहाजवाला म्हणून ‘मिमोसा’ची माहिती मी जरा जास्त खोदली. १८५३ साली ॲबरडीनला बांधलेलं हे चहाचं क्लिपर, चीनहून चहा आणणारं. म्हातारं झाल्यावर त्यात माणसं भरली. ज्या जहाजात चहाच्या पेट्या असायच्या त्यातून आलेल्या लोकांची पणतवंडं आज चहा विकून पोट भरतात, हे त्या आजींना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

२८ जुलैला, तिकडच्या ऐन थंडीत, ही मंडळी माद्रिनच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांना हिरवळ सांगितली होती, समोर होतं झुडूप आणि खारट पाणी. चुबुत नदीच्या खोऱ्यात पहिली दोन वर्षं पीक हाताला लागलं नाही. मग १८६७ साली, तिथे सगळे सांगतात त्याप्रमाणे, रेचल जेंकिन्स नावाच्या शेतकऱ्याच्या बायकोने नवऱ्याला सुचवलं की नदी आपल्या शेतापेक्षा उंचावरून वाहते आहे, एक चर खणून बघ. चर खणला, पाणी आलं, गहू आला. पुढे त्याच चराचे शेकडो किलोमीटर कालवे झाले. मधल्या काळात तगले ते तिथल्या मूळ रहिवासी तेउएल्चे लोकांमुळे. त्यांनी या शिंपी-चांभारांना शिकार शिकवली, मांस दिलं आणि बदल्यात पाव घेतला.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. ती भाषा पुढची साठ-सत्तर वर्षं कशी टिकली? प्रार्थनागृहांमुळे, असं सगळे सांगतात. खोटं नाही. खोऱ्यात विटांची साधी, लांबट प्रार्थनागृहं अजून उभी आहेत, सोळा-सतरा तरी असतील. पण रविवारच्या गाण्यांवर भाषा टिकत असती तर ओहायोतही टिकली असती, तिथेही प्रार्थनागृहं होतीच. चुबुतमध्ये फरक होता तो सोमवारचा. कुणाच्या शेताला पाणी आधी, यावरचं भांडण वेल्शमध्ये व्हायचं. वसाहतीचे कायदे वेल्शमध्ये होते आणि त्यात अठरा वर्षांवरच्या बायकांनाही मत होतं, ब्रिटनच्या पन्नासेक वर्षं आधी. वसाहतीतल्या आर. जे. बर्विनने १८७८ मध्ये शाळेसाठी वेल्श वाचनपुस्तक काढलं. १८८५ मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी व्यापारी कंपनी काढली, तिचा व्यवहार वेल्शमध्ये. १८९१ मध्ये वसाहतीचा पुढारी लुइस जोन्स याने ‘अ द्राव्होद’ हे वर्तमानपत्र सुरू केलं, ते आजही निघतं. ट्रेलेऊ हे नावही याच लुइसवरून पडलं. ‘ट्रे’ म्हणजे गाव, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने लुइसवाडी. भाव, उधारी, नांगराचा फाळ, पाण्याची पाळी, सगळं त्या भाषेत. भाषा पोटाला लागली होती.

मग एकेक काम तिच्या हातून गेलं. सरकारी शाळा स्पॅनिश झाल्या. १९११ नंतर वेल्सहून मोठा जथा आला नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत सहकारी कंपनी बुडाली, लोकांची ठेव बुडाली. कालव्यांचा कारभार सरकारकडे गेला. लेखिका एलुनेद मॉर्गन आणि तिच्या सहकाऱ्यांनी खटपट करून उभी केलेली गाइमानची माध्यमिक शाळा १९५० च्या सुमाराला बंद पडली. नाव नोंदवायला गेलं तर परदेशी नावं कायद्यात बसत नव्हती, म्हणून घरी एक नाव आणि कागदावर दुसरं. भाषा उरली गाण्याला, थडग्यावरच्या अक्षरांना आणि तीन वाजताच्या चहाला. मी १९९३ मध्ये पोचलो तो याच टप्प्यावर.

इंजिनरूममध्ये प्रत्येक महत्त्वाच्या कामाला दोन पंप असतात. एक चालू, एक स्टँडबाय. नवीन पोरांना वाटतं, स्टँडबाय पंप आरामात असतो, जास्त टिकेल. उलट आहे. उभा पंप आधी जातो. सील सुकतं, शाफ्टला गंज धरतो, आणि ज्या दिवशी चालू पंप दगा देतो त्या दिवशी हा हलत नाही. म्हणून आम्ही पंप आलटून पालटून चालवायचो आणि तशी लॉगबुकात नोंद करायचो. ‘जपून ठेवलेला’ पंप मी आयुष्यात उपयोगी पडलेला पाहिला नाही. त्यामुळे ‘वारसा जपणे’ या शब्दांवर माझा राग आहे, तो धंदेवाईक आहे असं समजा.

दुसऱ्यांदा गेलो २०१२ च्या सप्टेंबरात, माझ्या शेवटच्या कराराला. मधल्या वर्षांत एक गोष्ट घडली होती. १९९७ पासून वेल्सच्या सरकारी खात्याने आणि ब्रिटिश कौन्सिलने मिळून दरवर्षी तीन शिक्षक चुबुतला पाठवायला सुरुवात केली होती. महोत्सवाला नव्हे, वर्षभर राहून शिकवायला. २००६ मध्ये ट्रेलेऊला द्विभाषिक शाळा निघाली होती, सकाळपासून वेल्श आणि स्पॅनिश. (अँडीजमध्ये ट्रेवेलिनलाही नंतर, २०१६ मध्ये, तशीच निघाली.) हे मला माहीत नव्हतं. मी आपला आजींना भेटायला म्हणून त्याच टीहाउसात गेलो. आजी गेल्या होत्या. ज्या नातीच्या नावाने त्यांनी माशी उडवली होती, ती गल्ल्यावर होती.

आतल्या टेबलावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी वहीत काही लिहीत बसली होती. तिच्या गळ्यात छोटी भरतकाम केलेली मखमली पिशवी, लाल फितीला अडकवलेली. पिशवी इतकी लहान की तिच्यात दोन नाणी जेमतेम मावतील. मी विचारल्यावर तिने ती उघडून दाखवली: घडी घालून छोटी केलेली एक नोट. तरुणांच्या आयस्तेदवोदमध्ये वेल्श कविता पाठ म्हणून तिने ती मिळवली होती. आयस्तेदवोद म्हणजे वेल्श लोकांचा गाण्या-कवितांच्या स्पर्धांचा मेळा. बक्षीस असं पिशवीत घालून गळ्यात अडकवायची जुनी पद्धत आहे. दोन दिवस झाले तरी तिने पिशवी काढली नव्हती.

तिची आई स्वयंपाकघरात पीठ मळत होती. बोलिव्हियाची, कोचाबांबाकडची. चुबुतच्या खोऱ्यात भाजीपाला पिकवणाऱ्यांत आता बोलिव्हियाचे बरेच लोक आहेत. वेल्श कालव्यांवरचा कोबी आज त्यांच्या हातचा. मुलीच्या रक्तात वेल्श थेंब नाही. आणि मजा पुढे आहे. गल्ल्यावरची नात, अस्सल वेल्श आडनावाची, बुधवारी संध्याकाळी मोठ्यांच्या वर्गाला जात होती, कारण तिच्या आईने तिला भाषा दिली नव्हती. जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडायचा तो वेल्श उच्चार तिला जमत नव्हता, आणि ही मुलगी आतून ओरडून तो दुरुस्त करत होती. मालकीण तीन वेळा म्हणाली, तीनही वेळा चुकली, मग तिने चिडून मला बिल दिलं.

मी बाहेर येऊन कालव्याच्या कठड्यावर बसलो. या वारशाचा वारस कोण? आडनाव जिचं आहे ती, की उच्चार जिचा बरोबर आहे ती?

आयस्तेदवोदच्या पद्धतीतच याचं उत्तर आहे, असं मला वाटतं. तिथे कविता टोपणनावाने पाठवतात. चुबुतच्या ऑक्टोबरातल्या मोठ्या आयस्तेदवोदला वेल्श कवितेला खुर्ची देतात, खरीखुरी, सुताराने घडवलेली. आणि स्पॅनिश कवितेला मुकुट. परीक्षकाला कवी कोण ते ठाऊक नसतं. निकालात टोपणनाव पुकारतात आणि अंधाऱ्या सभागृहात कुणीतरी उभं राहतं. तोवर कुणाचा आजा ‘मिमोसा’वर होता आणि कुणाचा नव्हता, हा प्रश्न येतच नाही. शाळेतही तेच. ट्रेलेऊच्या वर्गात इटालियन, बास्क, मापुचे, सीरियन आडनावाची मुलं हजेरीपटावर आहेत. वारसा रक्ताने चालत असता तर तो आजींच्या हात हलवण्याबरोबर संपला होता. तो चालला आहे हजेरीपटावर.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, दोन्ही मला मान्य आहेत आणि दोन्ही अपुरे वाटतात. पहिला असा की हा सगळा पर्यटनाचा आणि परदेशी अनुदानाचा खेळ आहे. आहेच. १९९५ मध्ये प्रिन्सेस डायना गाइमानच्या ज्या टीहाउसात चहा प्यायली तिथे तिची आठवण अजून मांडून ठेवलेली आहे. उद्या वेल्सच्या सरकारने पैसे थांबवले तर शिक्षक येणार नाहीत. पण अनुदान कोणत्या भाषेला नसतं? स्पॅनिशला अख्खं अर्जेंटिना अनुदान देतं, त्याला आपण शाळा म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ज्या तेउएल्चे लोकांनी यांना जगवलं त्यांचं काय झालं? १८७८ ते १८८५ च्या दरम्यान अर्जेंटिनाच्या सैन्याने ‘वाळवंटावरचा विजय’ या नावाखाली दक्षिणेतल्या मूळ रहिवाशांना हुसकावलं, मारलं, छावण्यांत डांबलं. ‘मिमोसा’वर लहान मूल म्हणून आलेला जॉन डॅनियल इव्हान्स पुढे आठवणींत लिहून गेला, की वाल्चेताच्या छावणीच्या तारेपलीकडून त्याच्या लहानपणीच्या तेउएल्चे मित्राने त्याला हाक मारून पाव मागितला. तो पैसे जमवून मित्राला सोडवायला परत आला तोवर मित्र मेला होता. काही वेल्श लोकांनी मूळ रहिवाशांच्या बाजूने सरकारकडे अर्ज केले, हे खरं. त्या मोहिमेनंतर मोकळ्या झालेल्या जमिनीवर अँडीजपर्यंत तेच पसरले, हेही खरं. दक्षिणेकडच्या तेउएल्चेंची भाषा अस्खलित बोलणारी शेवटची बाई २०१९ मध्ये वारली. तिच्या भाषेला १८७८ मध्ये छापलेलं वाचनपुस्तक नव्हतं, सहकारी कंपनी नव्हती, समुद्रापलीकडून तीन शिक्षक पाठवणारं सरकार नव्हतं. त्या भाषेला गाणी होती, आठवणी होत्या आणि प्रेम करणारी माणसंही होती.

जाता जाता एक गंमत, कारण ती आपल्याकडून गेली आहे. १९०२ मध्ये अँडीजमधल्या वेल्श वस्तीच्या खोऱ्यावर चिली आणि अर्जेंटिना दोघांचा दावा होता. ब्रिटनच्या राजाच्या वतीने पाहणी करायला गेले सर थॉमस होल्डिच, हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यात वायव्य सरहद्दीच्या मोजणीत उभं आयुष्य गेलेले. एका शाळेच्या आवारात त्यांनी वसाहतवाल्यांना गोळा केलं, आणि लोकांनी अर्जेंटिनाला कौल दिला. सरहद्दीबद्दल तिथल्या लोकांना विचारायचं असतं, ही पद्धत होल्डिचसाहेबांच्या खात्याने इकडे कधी वापरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

१९६५ चंही सांगायला हवं. त्या वर्षी चुबुतमध्ये शताब्दी झाली, वेल्सहून पाहुणे गेले, मंदावलेल्या आयस्तेदवोदला पुन्हा धार आली. आणि त्याच वर्षी मायकल डी. जोन्सच्या बाला गावाजवळ कापेल केलिन हे वेल्श बोलणारं खेडं धरणाखाली गेलं. शाळा, पोस्ट, प्रार्थनागृह, सगळं. पाणी कुणाला? लिव्हरपूलला. वेल्समधल्या जवळजवळ सगळ्या खासदारांचा विरोध असून. आमचा बडा साब त्या धरणाचं नाव घेताना आवाज खाली आणायचा. कोयनेकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. बडा साबचं म्हणणं असं, की त्या पाण्याने वेल्सला जाग आली, आणि भाषेला समुद्रापार तीन शिक्षक पाठवण्याइतकं महत्त्वाचं मानण्याचा शहाणपणा तिथून आला. मला इतिहासातलं कळत नाही. पण तीन या आकड्याचं मला फार वाटतं. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे लोक होते ५ लाख ३८ हजार. नाशिक शहराची लोकसंख्या याच्या दुपटीहून जास्त आहे. एवढीशी भाषा बारा हजार किलोमीटरवर दरवर्षी तीन माणसं पाठवते, शाळेत उभं राहून शिकवायला.

आपण ८ कोटी ३० लाख, तेही २०११ मधले. २०२४ मध्ये आपली भाषा अभिजात ठरली, पेढे वाटून झाले. माझा मुलगा अमेरिकेत ज्या गावात राहतो तिथे गणपतीला सहाशे माणूस येतं. मोदक इकडच्यापेक्षा चांगले असतात. तिथेच एका भाड्याच्या तळघरात रविवारी मराठीचा वर्ग भरतो. वर्ग चालवणाऱ्या बाई आठवडाभर नोकरी करून आपला रविवार त्याला देतात, त्यांना माझा नमस्कार. मी गेलो त्या वर्षी वर्गात सात मुलं होती. एका तेलुगू बाईंनी विचारलं, आमच्या मुलाचा दोस्त इथे येतो, तोही आला तर चालेल का? बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, हे आपल्या मुलांसाठी आहे. कुणी म्हणालं, एकाला हो म्हटलं तर पायंडा पडेल. सात मुलांच्या वर्गात कसला पायंडा? पण हे मी आत्ता लिहितो आहे. त्या बैठकीत मी पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसलो होतो, गाइमानची ती मखमली पिशवी डोळ्यांनी पाहून आलेला मी, आणि एक शब्द बोललो नाही. दुसऱ्याच्या घरात कशाला, असं मनाशी म्हणून तिसरा मोदक घेतला. त्या मुलाला नाही म्हणून कळवलं. पुढच्या वर्षी वर्ग पाचावर आला.

सरकारकडे मागणी करायची तर माझी एकच आहे आणि ती स्वस्त आहे. परदेशातल्या मंडळांना नाटकाचा, लावणीचा, संगीताचा ताफा चार दिवसांसाठी पाठवता, जरूर पाठवा. पण त्यातल्या एका ताफ्याच्या विमानभाड्यात एक शिक्षक वर्षभर पाठवा. तीनच पाठवा, जिथे वर्ग आधीच धडपडत चालू आहे तिथे. अट एक घाला: वर्गाचा दरवाजा आडनाव न विचारता उघडायचा. आणि मंडळांना विनंती, की मुलांना मराठीत एखादं काम द्या. सत्यनारायणाच्या पूजेची यादी नव्हे, खरं काम. क्रिकेटच्या सामन्याचा धावफलक मराठीत लिहू दे, सहलीचा हिशेब मराठीत ठेवू दे, भांडणाचा निवाडा मराठीत करू दे. पोरांना भांडायला जी भाषा लागते ती पोरं विसरत नाहीत.

२०१२ मध्ये निघताना मी त्या मुलीच्या वहीच्या पानाचा फोटो काढला, तिच्या आईला विचारून. बडा साब तेव्हा ऐंशीच्या पुढे होता, पोर्थमादोगला मुलीकडे. त्याला फोटो ईमेलने पाठवला, खाली लिहिलं, ही बोलिव्हियाची मुलगी, तुमची भाषा. आठवड्याने उत्तर आलं. कौतुकाचा एक शब्द नाही. त्याने पान छापून घेतलं होतं, एका शब्दाखाली लाल रेघ मारली होती, बाजूला बरोबर रूप लिहिलं होतं आणि परत स्कॅन करून पाठवलं होतं: हे तिच्यापर्यंत पोचव.

मी टीहाउसच्या पत्त्यावर पोचवलं. तिथून मालकिणीने मुलीच्या वतीने एका ओळीचं उत्तर धाडलं, तेवढं मी पुढे पोर्थमादोगला कळवलं: आमच्याकडे असंच म्हणतात.